हळदीच्या ढिगातला पाहुणचार

तातेराव इंगोल्यांची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी वारंगा फाट्यावर जे ऊन पडलं होतं, त्याला ऊन म्हणणं म्हणजे वणव्याला शेकोटी म्हणण्यासारखं होतं. फाट्यावरची कुत्री उभ्या ट्रकच्या सावलीत झोपत आणि ट्रक निघाला की सावली सुटू नये म्हणून झोपेतच त्याच्याबरोबर नांदेडपर्यंत जात. हॉटेलवाल्यानं भज्यांची कढई चुलीवर न ठेवता नुसती दारात ठेवली होती आणि भजी लालभडक तळून निघत होती, हे मी शपथेवर सांगतो. शपथ कोणाची, ते विचारू नये.

अशा उन्हात कुरुंद्याकडे जाणारी एसटी आली. मी धावत जाऊन सावलीच्या बाजूची खिडकी पकडली आणि गाडी सुटणार एवढ्यात पन्नाशीचा एक उघड्या डोक्याचा गृहस्थ एक निळा कॅन घेऊन वर चढला. कॅनला ओलं पोतं गुंडाळलेलं होतं. पोत्यावर गृहस्थाचा स्वतःचा पटका होता. पटक्यावर छत्री उघडलेली होती. गृहस्थाच्या टकलावर मात्र पापड भाजून निघाला असता.

"काय हाय कॅनमदी?" कंडक्टरनं विचारलं. "रॉकेल न्हाई ना?"

"रॉकेल? आवो, जिते जीव हायेत आत."

"किती?"

"मोजाय बसलात तर मोजता मोजता रिटायर व्हताल."

"मंग फुल काढू का हाफ?"

गृहस्थानं क्षणभर विचार केला. "दूधपितेच हायेत सगळे. परवा जल्मले."

कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं आणि पुढे गेला. गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, जागा विचारतो आहे. विचारत होताच, पण स्वतःसाठी नाही.

"पाव्हणं, जरा उठता का? ह्यांना ऊन सोसत न्हाई."

मी आयुष्यात म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना आणि एकदा एका आमदाराच्या मेहुण्याला जागा दिली आहे. कॅनला पहिल्यांदाच दिली. पुढे गाडी भरली तेव्हा कॅन माझ्या मांडीवर आला, कारण गृहस्थाच्या मते माझी मांडी 'थंड' होती. एवढा वेळ मी माझ्या सख्ख्या पोरालाही कधी मांडीवर घेतलेलं नाही. मग एका खड्ड्यात गाडी आदळली, झाकण ढिलं झालं आणि हिरवट पाण्याचा एक लोंढा माझ्या पांढऱ्या पँटवर आला. मी ओरडलो. गृहस्थही ओरडला, पण त्याच्या ओरडण्यात माझ्याहून जास्त दुःख होतं. यात्रेत लेकरू हरवलेल्या बापासारखा तो माझ्या पँटकडे बघत राहिला.

"लाखभर गेले," तो म्हणाला. मग मला धीर द्यावा म्हणून म्हणाला, "पर एक बरं झालं. तुमच्या पँटीला आता बुरशी लागायची न्हाई."

हे तातेराव. ज्या माणसाच्या अंगावर आपली लाखभर माणसं आहेत त्याला तसंच कसं जाऊ द्यायचं, म्हणून त्यांनी मला कुरुंद्याच्या स्टँडवर उतरवून ओढत घरी नेलं आणि जेवायला घातलं. तिथून आमची ओळख. आणि मी त्या घरी पुन्हा पुन्हा जात राहिल्यामुळे पुढचं सगळं मला डोळ्यांनी पाहता आलं. जे पाहिलं नाही ते शकुबाईंनी सांगितलं. ते जास्त खरं असावं.

शकुबाई म्हणजे तातेरावांची पत्नी. माहेर डोंगरकड्याचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या बापानं, आबानं, भांड्याकुंड्यांबरोबर टोपलंभर हळदीचं बेणं दिलं होतं. कुरुंद्यात हळदीला तोटा नाही. इथे घरटी हळद. पण इथली हळद सेलम जातीची. जाड, गुबगुबीत, ढिगानं पिकणारी. शकुबाईंच्या टोपल्यातली हळद बारीक बोटांची, आतून शेंदरासारखी लाल आणि वासाला अशी की भाजीत चिमूट टाकली तर शेजारीण ताट घेऊन यावी. ती त्यांनी विहिरीजवळच्या सहा गुंठ्यांत लावली आणि तेव्हापासून दरवर्षी त्याच सहा गुंठ्यांत लावत आल्या. मधल्या काळात त्यांच्या भावानं, विश्वंभरनं, डोंगरकड्याच्या रानातली हळद मोडून सगळीकडे केळी लावली. आता ती हळद साऱ्या मुलखात एवढ्या सहा गुंठ्यांतच उरली होती.

आणि तीही संपत चालली होती. हळद काढली की पुढच्या लागवडीचं बेणं वेगळं काढून झाडाखाली ढीग घालून ठेवतात, वरून हळदीचाच पाला टाकतात आणि मृगापर्यंत सांभाळतात. शकुबाईंच्या ढिगाला दोन-तीन वर्षांपासून कूज लागत होती. वरून ढीग ठणठणीत. हात घातला की आतले गड्डे लोण्यासारखे मऊ आणि वास असा की शेजारीण ताट घेऊन परत जावी. गेल्या साली अर्ध्याहून जास्त बेणं गेलं. औंदा उरलं होतं जेमतेम दोन गोण्या. हे सडलं तर मागायला जायला दुसरं दार नव्हतं.

शकुबाई याबद्दल रडल्या नाहीत की बोलल्या नाहीत. जेवताना एकदाच म्हणाल्या, "मह्या माहेराचं एवढंच काय ते ह्या रानात हाये. बघा काय जमलं तर."

एवढं पुरे होतं. तातेराव उठले ते थेट कृषी विज्ञान केंद्रात गेले.

इथे तातेरावांच्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. हा माणूस कुठलीही गोष्ट अर्धी करत नाही. अर्धी ऐकतो आणि पूर्ण करतो. गांडूळखताचं ऐकलं तेव्हा त्यांनी गांडुळं आणली, त्यांच्यावर इतकी माया केली की रोज माती उकरून त्यांची ख्यालीखुशाली विचारू लागले. उकरलेली गांडुळं कोंबड्यांनी खाल्ली. त्या वर्षी कोंबड्यांना जी तुकतुकी आली तशी पंचक्रोशीत कुणाच्या कोंबड्यांना आली नाही. पुढे जनावरांसाठी पाण्यावर वाढणारी अझोला नावाची वनस्पती आणली. ती हौदात नीट वाढेना म्हणून विहिरीत टाकली, आणि विहिरीत ती अशी वाढली की एक वासरू हिरवळ समजून चालत गेलं. वासरू वाचलं. तातेराव शकुबाईंच्या बोलण्यातून अजून वाचलेले नाहीत.

केंद्रातल्या निता मॅडमनी त्यांना ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीची माहिती दिली. ही मित्रबुरशी. कूज आणणारी ती शत्रुबुरशी. मित्रबुरशी गड्ड्यावर आधीच जाऊन बसते, शत्रूला जागा देत नाही, आणि सापडला तर त्याला गुंडाळून खाऊन टाकते. हे तातेरावांनी कान टवकारून ऐकलं. त्यानंतर मॅडमनी ढीग कसा ठेवायचा, ओल का नको, काय करायचं नाही, हे सांगायला सुरुवात केली. पण तोवर जेवणाची सुटी झाली होती आणि केंद्रावर त्या दिवशी वांग्याची भाजी होती.

तर असा तो कॅन कुरुंद्यात आला. आंब्याखाली बेणं निवडलं गेलं, बुरशीच्या पाण्यात बुडवून काढलं गेलं, सावलीत सुकवून त्याचा ढीग झाला, वर पाला पडला. इथपर्यंत सगळं बराबर होतं. तातेरावांनी ढिगाभोवती दोरी बांधली. दोरीच्या आत चपला घालायच्या नाहीत, विडी ओढायची नाही, तंबाखू थुंकायची तर गावाबाहेर. तांड्यावरचा पुनमचंद राठोड म्हणजे तातेरावांचा लहानपणापासूनचा सोबती; दोघांची रानं बांधाला बांध. तो बघायला आला आणि दोरीपाशी हात जोडून उभा राहिला.

"काय देव बसवला का रे तातेराव?"

"पाव्हणे हायेत आत."

"कोण पाव्हणे?"

"बुरशी."

पुनमचंदनं ढिगाकडे पाहिलं, तातेरावांकडे पाहिलं, मग शकुबाईंना हाक मारली. "वैनी, लोकाच्या घरात बुरशी आली तर लोक चुना मारतेत. ह्यो तर तिला पाट मांडून राहिला!"

"मांडू द्या भाऊजी," शकुबाई म्हणाल्या. "मह्या माहेरचा पाव्हणा आला तर पाट कुठं हाये ते ह्यांना म्हाईतबी नसतंय."

आता कुरुंद्याची रीत अशी की दारात आलेला माणूस उपाशी जाता कामा नये. तो शत्रू असला तरी आधी चहा, मग भांडण. तातेरावांच्या घरात तर वीजबिल घेऊन आलेल्या माणसालाही पोहे मिळतात. असल्या घरात आठवडाभर पाहुणे येऊन बसले आहेत आणि त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नाही, हे तातेरावांच्या मनाला खाऊ लागलं. कॅनमध्ये होते तेव्हा त्यांच्यासाठी पाण्यात गूळ कालवलेला होता, हे त्यांनी केंद्रात स्वतः पाहिलं होतं. तिथे गूळ आणि इथे कोरडे गड्डे! सरकारच्या घरी पुरणपोळी आणि इंगोल्यांच्या घरी उपास! गावात हे कळलं तर काय राहील?

म्हणून एका सकाळी, शकुबाई दळणाला गेलेल्या असताना, तातेरावांनी बादलीभर गुळाचं पाणी केलं, त्यात प्रेमानं मूठभर बेसन टाकलं आणि पाला बाजूला सारून ढिगावर ओतलं. 'पोटभर जेवा, लाजू नका,' असं ते म्हणालेसुद्धा. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि 'लाजू नका' म्हणताना त्यांचा आवाज अजूनही खाली आला.

पहिल्या मुंग्या आल्या. मग त्यांनी कुरुंद्यातल्या उरलेल्या मुंग्यांना निरोप दिला. मग वास सुटला. त्याच आठवड्यात विश्वंभर केळीची गाडी बाजारात खाली करून परत जाताना बहिणीकडे डोकावला आणि आंब्याखाली येऊन नाक वर करून उभा राहिला.

"दाजी, ही हळद हाये का दारूची भट्टी?"

शकुबाईंनी दोरी ओलांडली. पाला उचलला आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. ढीग आतून गरम होता. तापलेल्या लेकराच्या कपाळासारखा गरम. हात बाहेर आला तेव्हा बोटांना दोन मऊ गड्डे चिकटून आले होते.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तातेराव म्हणतात. त्या ओरडल्या नाहीत. गड्डे मातीत टाकले, हात पदराला पुसला आणि एवढंच विचारलं, "ह्यात गूळ कोन घातला?"

तातेरावांनी विश्वंभरकडे पाहिलं. विश्वंभरनं आंब्याकडे पाहिलं. आंबा काही बोलला नाही.

"उपाशी व्हते गं," तातेराव म्हणाले.

विश्वंभर मनानं वाईट नाही, पण त्याला झटपट उपाय आवडतात. गाडीतून तो एक पुडा घेऊन आला. "आक्का, हे घे. बुरशीनाशक हाये. केळीला वापरतो आमी. टाकलं की बुरशी म्हणून नाव शिल्लक राहात न्हाई."

"मित्र कोणता, शत्रू कोणता, ते कळतंय का त्याला?" तातेरावांनी विचारलं.

"त्याला काय कळाचं? सगळेच साफ."

शकुबाईंनी पुडा हातात घेतला. माहेरचं बेणं समोर सडत होतं, हातात जालीम औषध होतं आणि कानाशी सख्खा भाऊ घाई करत होता. त्यांनी पुडा उलटसुलट करून पाहिला. मग पुडा विश्वंभरच्या खिशात परत कोंबला.

"न्हाई. मी सोता त्यांना हातानं गड्ड्याला लावलंय. घरात घेतलेल्या पाव्हण्याला जहर घालत नसतेत." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "लावा फोन त्या मॅडमला. आन् ह्या टायमाला बोलणार मी."

फोन लागला. शकुबाईंनी सगळं सांगितलं. गुळाचं सांगितलं, बेसनाचंही सांगितलं. पलीकडून नुसता फुसफुस आवाज येत राहिला. निता मॅडम हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही.

"मावशी, बुरशी गड्ड्याला लावल्यानंतर तिला काही खायला द्यायचं नसतं," त्या शेवटी म्हणाल्या. "गूळ आणि ओल मिळाली की मित्र जेवतो तसा शत्रूही जेवतो. शत्रू तर जास्तच जेवतो."

"म्हंजे दोघांला एकाच पंगतीत बसवलं ह्यांनी?"

"बसवलं आणि वाढलंही. आता ढीग मोडा. सावलीत पातळ पसरा, वारं लागू द्या. मऊ झालेला एकेक गड्डा काढून लांब नेऊन पुरा. चांगले राहतील ते सुकले की पुन्हा बुरशी लावा. या वेळी भुकटी देते, पाणी नको. आणि मावशी, काकांना सांगा, उपाशी राहिली तरच ती शत्रूला खाते."

ढीग मोडला. पुनमचंद आला, त्याची बायको रुख्मिणीबाई आली, मीही नेमका त्या दिवशी तिथे टपकलो आणि मलाही एक पोतं पसरून बसवण्यात आलं. गड्डा हातात घ्यायचा, अंगठ्यानं दाबायचा, घट्ट असला तर डावीकडे, मऊ असला तर उजवीकडे. काम सोपं, पण दोन गोण्यांतला प्रत्येक गड्डा. उजवीकडचा ढीग वाढू लागला की शकुबाई तिकडे पाठ करून बसत. तातेराव प्रत्येक मऊ गड्डा टाकताना असा उसासा टाकत की शेवटी रुख्मिणीबाई म्हणाल्या, "दादा, मयताला आलो का आमी? येक तर तुमीच मारलं, आन् रडताबी तुमीच!"

"मारलं न्हाई, खाऊ घातलं," तातेराव म्हणाले.

"व्हय," पुनमचंद म्हणाला. "तांड्यावर येशील तर सांगून ये बाबा. मह्या म्हशीला खाऊ घालशील, तकलीफ व्हईल."

संध्याकाळी मोजलं तेव्हा सव्वा गोणीच्या आसपास बेणं हातात होतं. शकुबाईंनी भुकटी स्वतः लावली. नवा ढीग उंच जागी, खाली काटक्यांचा थर देऊन, आतून वारं खेळेल असा घातला. दोरी पुन्हा बांधली. या वेळी दोरी नवऱ्यासाठी होती.

मृगाला अजून अवकाश होता आणि तातेरावांचे ते दिवस कसे गेले ते सांगवत नाही. पाहुणे उपाशी आहेत, हे त्यांना ताट पुढ्यात आलं की आठवे. भाकरी मोडायची आणि आंब्याकडे बघायचं. "तिथं ते काय करून राहिले असतील?" असं ते विचारत. "शत्रूला खाऊन राहिलेत," शकुबाई सांगत. "निस्ता शत्रू? तोंडी लावायला काही न्हाई?" मग शकुबाई वाढणं थांबवत आणि विषय संपत असे.

एका दुपारी मी ओसरीवर टेकलो होतो. तातेराव 'जरा सावलीत जाऊन येतो' म्हणून उठले. सावली ओसरीवरही होती. शकुबाई दळण निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, सूप खाली ठेवलं आणि मागोमाग गेल्या. दोरीपाशी तातेराव उकिडवे बसले होते.

"खिशात काय हाये?"

"कोणाच्या?"

"तुमच्या. का मह्या पदराला खिसा हाये?"

तातेरावांनी खिशातून गुळाचा मुठीएवढा खडा काढला. "मह्यासाठी आनलाय. तोंड गोड करावं म्हणलं."

"करा मंग."

"हितं?"

"हितंच. मी बघते."

कुरुंद्याचा हा सुपुत्र आंब्याखाली उभा राहून तो अख्खा खडा खाताना मी पाहिला आहे. शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं; ते गोडानं की ढिगाकडे पाहून, हे सांगता येणार नाही. शकुबाई शेवटचा तुकडा गिळेपर्यंत हलल्या नाहीत. मग त्यांनी नवऱ्याला पाणी आणून दिलं.

मृग लागला. ढीग उघडायचा दिवस आला तेव्हा तातेराव आधीच बांधावर जाऊन उभे राहिले, पाठ करून. पुनमचंद त्यांच्या शेजारी. विश्वंभर डोंगरकड्याहून मुद्दाम आला होता. या वेळी खिसे मोकळे होते. शकुबाईंनी पाला उचलला, पूर्वीसारखाच कोपरापर्यंत हात घातला आणि तो तिथेच ठेवला.

"आगं, सांग की!" तातेराव बांधावरूनच ओरडले. "गरम हाये का?"

"गार हाये," शकुबाई म्हणाल्या.

मूठ बाहेर आली. गड्डे टणक होते. कातडीला कुठे कुठे हिरवट झाक होती, ती पाहुण्यांची, आणि डोळे फुटून त्यांतून पांढरे कोंब दाण्याएवढे वर आले होते. शकुबाईंनी एक बोट मोडलं. आतून तोच शेंदरासारखा रंग. त्यांनी तो तुकडा भावाच्या नाकाशी धरला. विश्वंभरनं वास घेतला. मग म्हणाला, "आक्का, आबाच्या हाताला असाच वास यायचा."

मागे बांधावर तातेराव पुनमचंदच्या खांद्यावर हात टाकून नाचत होते. पुनमचंद नाचत नव्हता, पण खांदा सोडवूनही घेत नव्हता.

सगळं मिळून दोन-चार ओंजळीच खराब निघालं. सहा गुंठे भरले नाहीत, साडेतीन भरले. राहिलेल्या जागेत शकुबाईंनी चवळी टाकली आणि पुढच्या साली ती जागाही हळदीनं भरून घेतली. तातेरावांची मात्र कीर्ती झाली. गावोगावचे लोक त्यांना विचारायला येऊ लागले आणि ते प्रत्येकाला ओसरीवर बसवून, आधी पोटभर जेवू घालून, मग 'उपाशी ठेवा' हा उपदेश करत. पुढे त्यांना कुणीतरी मधमाश्यांच्या पेट्यांबद्दल अर्धवट सांगितलं आणि त्यांचं लक्ष तिकडे गेलं.

बेण्याला बुरशी आता शकुबाईच लावतात. सकाळच्या स्वयंपाकाआधी होऊन जातं.